तुम्ही नात्यातले आहात का?

हेमचंद्र आणि शुभदा यांचं नाक सारखं होतं. मुळाशी बारीक, मध्ये उंचवटा आणि शेंड्याला किंचित उजवीकडे झुकलेलं. कॅनडातल्या ओकव्हिलच्या मराठी मंडळात दर गणपतीला कुणी ना कुणी म्हणायचंच, की संसार मुरला की नवरा-बायको एकमेकांसारखे दिसायला लागतात. हेमचंद्र हसून मान डोलवायचा आणि शुभदा प्रसादाच्या ताटाकडे वळायची. खरी गोष्ट अशी, की ते नाक संसारात मुरलेलं नव्हतं, बार्शीच्या एकाच आजोबांकडून दोघांना आलेलं होतं. शुभदाचे वडील अण्णा हे हेमचंद्रचे सख्खे मामा.

बार्शीकडे त्यांच्या लोकांत यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मामाची मुलगी करायची ही रीतच होती. लग्नात बायका उलट कौतुकाने म्हणाल्या, पोर लांब जात नाही, आत्याच्याच पदरात पडतेय. पण कॅनडात आल्यावर पहिल्याच ख्रिसमसला हेमचंद्रने ऑफिसच्या पार्टीत हौसेने ही रीत सांगितली. समोरच्या भल्या माणसाने काटा खाली ठेवला आणि विचारलं, म्हणजे खरोखरची कझिन? त्यानंतर वर्षभर कुणी ना कुणी लिफ्टमध्ये त्याला विचारत असे, "हाउ इज युअर कझिन?" मंडळातल्या पुणेकरांचीही तऱ्हा वेगळी नसती. त्यांनी फक्त भुवया उंचावून "आमच्यात नाही करत" एवढंच म्हटलं असतं, आणि ते हेमचंद्रला जास्त लागलं असतं. त्याने घरात फर्मान काढलं, की यापुढे ही गोष्ट काढायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायला तशी काही अडचण आली नाही. शुभदा सासूला आत्या म्हणे. त्यांच्या मुलीने, अपूर्वाने, पाच वर्षांची असताना विचारलं, आजीला तू आत्या का म्हणतेस? हेमचंद्रने उत्तर दिलं, आपल्याकडे सासूला आत्याच म्हणतात. तेही अर्धं खरंच होतं. अर्धं खरं बोलण्यात तो पटाईत झाला होता, आणि शुभदा गप्प बसण्यात.

अपूर्वा सहा वर्षांची असताना तिला डायबिटीस निघाला. पोर वाळत चालली होती आणि सारखं पाणी मागत होती. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने शंभर प्रश्न विचारले, त्यात एक होता, तुम्ही दोघं रक्ताच्या नात्यातले आहात का? हेमचंद्र म्हणाला, नो. शुभदाने मान हलवली. दोघांना त्यात खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही, इतकी ती सवय अंगवळणी पडली होती. मुलांना होतो तो नेहमीचा डायबिटीस, असं ठरलं. इन्सुलिन सुरू झालं, आणि घरात पहारा सुरू झाला.

पहारा हाच शब्द बरोबर. साखरेचा डबा कपाटात आणि किल्ली शुभदाच्या पर्समध्ये. शाळेतून आल्यावर दप्तर उलटं करून बघायचं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं तर आधी तिच्या आईला फोन. सुरुवातीला हे सगळं प्रेमापोटी होतं, आणि पुढेही प्रेमापोटीच होतं, पण पोलीसही म्हणतातच की तुमच्या भल्यासाठी. अपूर्वा अकरा-बारा वर्षांची झाली तशी पुन्हा पाणी पाणी करू लागली. वर्गातून सारखी वॉशरूमला जायची. टीचरच्या तक्रारी आल्या. एवढी तहान लागते म्हणजे साखर चढलेली, आणि साखर चढलेली म्हणजे पोरगी चोरून खाते, हा हिशेब आईबापांना सरळ वाटला. मीटरवर आकडा कधी जास्त यायचा, पण बऱ्याचदा बरा यायचा. बरा आला की हेमचंद्र म्हणायचा, दुपारी खाल्लं असेल, आता उतरलं. क्लिनिकमधली नर्स म्हणाली, तीन महिन्यांची सरासरी वाईट नाही. हेमचंद्र म्हणाला, तपासणी जवळ आली की शहाण्यासारखी वागते. अशा माणसापुढे मीटरने तरी काय करावं?

मग तेराव्या वर्षी ती अंथरूण ओलं करू लागली. मोठी पोर, शरमेने कुणाकडे बघेना. सकाळी चादरी स्वतःच बेसमेंटमध्ये नेऊन मशीनला लावायची. तेव्हा हेमचंद्रने पाण्यावरच बंदी आणली. शाळेतून आल्यावर एक ग्लास, जेवताना एक, बस. शुभदाला ते पटलं नव्हतं. तिच्या आईने दारातल्या गाढवालाही कधी पाणी नाकारलं नव्हतं. पण ओल्या चादरींनी तीही टेकीला आली होती, आणि पटलं नाही तरी ग्लास मोजून द्यायची तीच. याचं तिला पुढे काय वाटलं ते येईलच.

त्याच वर्षी अपूर्वाच्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. तिसऱ्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरने नंबर दिलाच नाही. डोळ्यामागची नस फिकट पडलीय, असं सांगून हॅमिल्टनच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. अपूर्वाला लाल आणि तपकिरी यांतला फरक कळेनासा झाला होता, हे आईबापांना तिथे कळलं. पोरीला ते केव्हाच कळलं होतं. साखरेने डोळे जातात असं बाबा नेहमी सांगायचे, म्हणून तिने ते कुणाला सांगितलंच नव्हतं. आणखी एक शिक्षा कशाला ओढवून घ्यायची?

हॅमिल्टनच्या डॉक्टर सायमा कुरेशी मूळच्या लाहोरच्या. यांना पाहिल्यावर त्या आपणहून हिंदी बोलू लागल्या. अपूर्वाच्या डोळ्यांत औषध घालून तिला बाहेर बसवलं होतं, तेव्हा त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि समजावून सांगितलं. इन्सुलिन करणाऱ्या पेशीत एक खोली असते. ताजं तयार झालेलं प्रथिन तिथे येतं आणि त्याची घडी घातली जाते. घडी बरोबर बसली तरच ते इन्सुलिन म्हणून बाहेर जाऊन काम करतं. घड्या चुकायला लागल्या की खोलीत ढीग साठतो आणि धोक्याची घंटा वाजते. मग पेशी नवीन माल थांबवते, घडी घालायला जास्त हात बोलावते, बिघडलेलं फेकून देते. बहुतेकांमध्ये ढीग उपसला जातो आणि घंटा बंद होते. पण एक दुर्मिळ आजार असा आहे, की ही घंटा ताब्यात ठेवणारं प्रथिनच मुळात बिघडलेलं असतं. घंटा वाजतच राहते. पेशी बिचारी थांबते, धडपडते, पुन्हा धडपडते, आणि शेवटी यातून सुटका नाही असं ठरवून स्वतःला संपवते. हेच डोळ्याच्या नसेत होतं, त्यावर अजून औषध नाही, आणि मेंदूत जिथून शरीरातल्या पाण्याचा ताबा ठेवला जातो तिथेही होतं.

शुभदा त्या गोलाकडे बघत बसली. रविवारी मशीनमधून काढलेले कपडे सोफ्यावर पडतात, घड्या घालून होईपर्यंत दुसरा ढीग येतो, तसं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे आलं. पेशीची तिला दया आली. लगेच दुसऱ्या क्षणी डॉक्टर पुढे काय विचारणार ते तिला उमगलं.

हा आजार व्हायला बिघाड आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून यावा लागतो, असं डॉक्टर म्हणाल्या. परक्या दोन घरांत तोच बिघाड असणं फार क्वचित. एकाच घरातली दोन माणसं असली तर गोष्ट वेगळी. "इसलिए पूछ रही हूँ. आप दोनों रिश्ते में हैं क्या? मेरे अपने अम्मी-अब्बा चचेरे भाई-बहन हैं, तो शरमाने की कोई बात नहीं."

इतकं सोपं करून कुणी विचारलं नव्हतं. दार उघडून, पायपुसणं घालून, या म्हटलं होतं. शुभदाने नवऱ्याकडे पाहिलं.

"नहीं मॅडम," हेमचंद्र म्हणाला. "बिलकुल नहीं."

पाणी वगैरे किती पिते, हेही त्यांनी विचारलं. नॉर्मल, तो म्हणाला. दोन ग्लास मोजून देत असल्यामुळे त्याच्या दृष्टीने ते नॉर्मलच होतं. डॉक्टरांनी क्षणभर त्या दोन सारख्या नाकांकडे पाहिलं असावं, किंवा शुभदाला तसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं. मग त्या म्हणाल्या, ठीक आहे, तर आधी बाकीची कारणं बघू, मेंदूचा स्कॅन करू, रक्त पाठवू, महिन्याभराने या.

गाडी हायवेला लागली तेव्हा अपूर्वा मागे डोळे मिटून झोपली होती. शुभदा हळूच म्हणाली, सांगायला हवं होतं.  हेमचंद्र दबक्या आवाजात म्हणाला, "त्याच म्हणाल्या ना, डोळ्यांना औषध नाही? मग नाव कळून काय करायचंय? पोरीने जन्मभर हे घेऊन जगायचं, की आपल्या आईबापांनी लग्न केलं म्हणून आपण आंधळे झालो?"  तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर शुभदाला सोपं गेलं असतं, तिने सरळ भांडण काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर तिने बार्शीला फोन लावला. इतर बायकांना नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगायला माहेर असतं. हिचं सासर आणि माहेर एकाच विहिरीचं पाणी पिणारं. रुसून जायचं म्हटलं तरी कुठे जाणार, बाप नवऱ्याचा मामा आणि सासू बापाची बहीण. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, नातीची खोदून खोदून चौकशी केली. पण शेवटी ते म्हणाले, हेमू नाही म्हणाला असेल तर काही विचार करूनच म्हणाला असेल. त्याला डॉक्टरपुढे खोटं पाडू नकोस. आणि हे आत्याच्या कानावर घालू नकोस, तिला वाटेल आपण लग्न लावून दिलं म्हणून पोरीला हे झालं. म्हणजे सगळ्यांना सांभाळून घ्यायचं होतं. अपूर्वाला कोण सांभाळून घेणार हे कुणी बोललं नाही. फोन ठेवल्यावर शुभदा जिन्यावर बसून रडली. बाहेर ड्राइव्हवेवर गुडघाभर बर्फ होता, तिला गाडी चालवता येत नव्हती, आणि येत असती तरी कुणाकडे जायचं हा प्रश्न उरलाच असता.

स्कॅन झाला. त्यात गाठ वगैरे काही निघालं नाही. हेमचंद्रने सुटकेचा श्वास टाकला, आणि त्या श्वासाचा शुभदाला राग आला.

जानेवारीतली संध्याकाळ होती. पाच वाजताच अंधारलं होतं. शुभदा कणीक मळत होती. अपूर्वाचा ग्लास पिऊन झाला होता आणि ती गृहपाठ करते म्हणून मागच्या खोलीत गेली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या लाकडी डेकवर काहीतरी हललेलं दिसलं. शुभदाला आधी वाटलं रॅकून असेल. मग तिने बाहेरचा दिवा लावला.

अपूर्वा डेकवर पायमोज्यांवर उभी होती. अंगात जॅकेट नव्हतं. कठड्यावरचा बर्फ ती दोन्ही हातांनी ओरबाडत होती आणि तोंडात कोंबत होती. चावत नव्हती, गिळत होती, घाईघाईने, कुणी येईल म्हणून. दिवा लागल्यावर तिने वळून पाहिलं. तिला आई नीट दिसली नसणार, दिसला असेल नुसता उजेड. तिने हात मागे लपवले.

शुभदाने तिला आत ओढलं. हाताला कणीक तशीच होती. तिने काही विचारलं नाही. मीटर काढलं, पोरीचं बोट धुतलं, पुसलं, स्वतः टोचलं, स्वतः थेंब घेतला. आकडा आला सहा पॉइंट दोन, बार्शीच्या मापाने एकशे बारा. एकदम चांगला आकडा. साखर चढलेली नव्हती आणि पोर तहानेने बर्फ खात होती. चोरून खाल्लेला लाडू नाही, उतरलेली साखर नाही, काही नाही. कागदावरचा तो गोल तिला आठवला आणि "पाण्याचा ताबा" हे शब्द आठवले. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. पोटच्या पोरीला पाणी दिलं नाही. याहून मोठं पाप तिला माहीत नव्हतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने, माप लावून, रोज केलं होतं.

तिने पाण्याचा जग भरून पोरीपुढे ठेवला. अपूर्वाने आधी जगाकडे आणि मग आईकडे पाहिलं, जणू यात काही डाव असावा. "पी," शुभदा म्हणाली. अपूर्वा जगालाच तोंड लावून प्यायली. श्वास घ्यायला थांबली आणि परत प्यायली.

शुभदाने फोन उचलला. हेमचंद्रला विचारावं असं मनात आलं, पण विचारलं तर तो काय म्हणेल ते ठाऊक होतं, आणि मग इकडे आड तिकडे विहीर. हॉस्पिटलात रिसेप्शनवरच्या बाईने उचलला. डॉक्टर पेशंटमध्ये आहेत, निरोप सांगा, म्हणाली. शुभदाने भिंतीकडे तोंड केलं.  ती म्हणाली, "माय हजबंड इज माय कझिन. फर्स्ट कझिन. वी सेड नो. इट्स यस. प्लीज टेल डॉक्टर."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "ओके, हनी," बाई म्हणाली. "अँड अ गुड नंबर टू कॉल यू बॅक?"

बस. एवढंच. ज्या गोष्टीसाठी दहा वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, तिच्यावर त्या बाईने एक भुवईसुद्धा उचलली नसेल. शुभदाला हसू यायला हवं होतं. तिला संताप आला, स्वतःचा.

थोड्याच वेळात डॉक्टर कुरेशींचा फोन आला. पाण्याचं ऐकल्यावर त्यांचा आवाज कडक झाला. पाणी एक मिनिटही अडवायचं नाही, मागेल तेवढं द्यायचं, उद्या सकाळीच घेऊन या, आज रात्रीत मलूल वाटली तर इमर्जन्सीत आणा. मग जरा नरमून त्या म्हणाल्या, तपासणी करू, पण माझा अंदाज खरा असेल तर या तहानेला औषध आहे, साधी गोळी असते. डोळ्यांचं मी काही वचन देत नाही. पण ही तहान थांबवता येईल, हे मी मागच्या महिन्यातच करू शकले असते. त्यांनी शेवटचं वाक्य रागाने म्हटलं नाही, त्यामुळे ते जास्त लागलं.

फोन ठेवून शुभदा वळली. अपूर्वा खुर्चीत बसली होती. मोज्यांमधलं पाणी फरशीवर ओघळलं होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

शुभदाला वाटलं आता ती विचारेल, तू आणि बाबा कझिन्स कसे? त्याचं उत्तर तिने मनात जुळवायला घेतलं, बार्शी, आत्या, रीत. पण पोरीच्या डोक्यात ते नव्हतंच.

"सो यू न्यू," अपूर्वा म्हणाली. "डॉक्टरने विचारलं तेव्हा. यू बोथ न्यू."

"हो."

"अँड यू वेअर चेकिंग माय बॅग."

 शुभदा तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि तिचे ओले मोजे काढू लागली. चुकलं आमचं, ती म्हणाली, फार चुकलं, अपू. अपूर्वाने पाय ओढून घेतला नाही. पण माफ केलं असं शुभदाला वाटलं नाही, आणि तशी अपेक्षा करायचा तिला हक्कही नव्हता.

साडेसहाची गो ट्रेन ही तिथली लोकल पकडून हेमचंद्र आला. दारात बूट आपटून त्याने बर्फ झटकला, वर पाहिलं, आणि त्याला टेबलावरचा भरलेला जग दिसला. हे काय, किती पाणी देतेयस तिला, असं तो बोलायला लागला होता.

"बाबा," अपूर्वा मध्येच म्हणाली. "आर यू अँड आई कझिन्स?"

"नाही," हेमचंद्र म्हणाला.

प्रश्न पुरता संपलाही नव्हता. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो तसं ते "नाही" त्याच्या तोंडून निघालं. मग त्याने शुभदाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. तरी तोंडातला शब्द त्याला परत घेता येईना. एका पायात बूट, एक पाय चटईवर, असा तो दाराशी अडकून उभा राहिला.

अपूर्वा खुर्चीतून उठली. एरवी आईबापांशी ती बहुतेक इंग्रजीतच बोलायची. पण एक वाक्य तिला मराठीत पाठ होतं, कारण दप्तर उलटं करताना, मीटर बघताना, मैत्रिणीच्या घरून परतल्यावर, सात वर्षं तिला ते ऐकवलं गेलं होतं. ती बापाच्या अगदी जवळ गेली. हल्ली चेहरा दिसायला तिला तेवढं जवळ जावं लागे.

"खरं सांग," ती म्हणाली. "मी ओरडणार नाही."

हेमचंद्र खाली पायरीवर बसला.  शुभदा त्याच्या मदतीला गेली नाही. आजवर प्रत्येक वेळी गप्प राहून तिने त्यालाच मदत केली होती.

"हो," तो शेवटी म्हणाला. "मामाची मुलगी आहे ती माझी."

"ओके," अपूर्वा म्हणाली. "मग उद्या डॉक्टरला सांगा. आणि तिला हेपण सांगा, की मी काही चोरून खाल्लं नव्हतं. मी दहा वर्षांची होते ना, तेव्हा पेढे खाल्ले असं मी म्हटलं होतं, ते पण खरं नव्हतं. यू गाइज वुडन्ट स्टॉप आस्किंग, म्हणून हो म्हटलं होतं."